ट्यूबिंगेनचे घराणे

एखाद्या विद्यापीठाची थोरवी त्याच्या निष्कर्षांवरून ठरवावी, की त्याने मागे ठेवलेल्या प्रश्नांवरून? एकोणिसाव्या शतकातील जर्मन धर्मशास्त्राच्या ट्यूबिंगेन घराण्याकडे पाहताना हा विचार आम्हाला टाळता येत नाही.

फर्डिनांड क्रिस्टियान बाऊर १८२६ साली ट्यूबिंगेन येथे प्राध्यापक झाले. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात यहुदी नियमशास्त्र जपणारा पेत्राचा पक्ष आणि परराष्ट्रीयांना मुक्तद्वार देणारा पौलाचा पक्ष यांच्यात तीव्र कलह होता, असे त्यांनी १८३१ च्या निबंधात मांडले. नव्या करारातील प्रत्येक ग्रंथ या कलहात कोणाची बाजू घेतो, की समेट घडवू पाहतो, हे पारखून त्याचा काळ ठरवावा, ही त्यांची रीत. पौलाच्या नावावरील तेरा पत्रांपैकी रोमकर, गलतीकर व करिंथकर (दोन) यांना लिहिलेली चारच त्यांनी १८४५ च्या ग्रंथात अस्सल मानली.

या धाडसाची किंमत शिष्यांनी मोजली. येशूच्या चरित्रातील चमत्कारकथांना पुराणकथा ठरवणाऱ्या डाविड श्ट्राउस यांचे ट्यूबिंगेनमधील पद १८३५ साली गेले. १८३९ मध्ये झ्युरिकने त्यांना बोलावले. पण लोकक्षोभामुळे एकही व्याख्यान होण्याआधीच त्यांना निवृत्तिवेतन देऊन दूर करण्यात आले. घराण्याचे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू करणारे एडुआर्ड त्सेलर पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले आणि ग्रीक तत्त्वज्ञानाचे इतिहासकार म्हणून नावाजले.

निष्कर्षांपैकी बरेच टिकले नाहीत. योहानाचे शुभवर्तमान बाऊर यांनी इ. स. १७० च्या सुमारास नेले होते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका पपायरस-तुकड्याचा काळ बहुतेक अभ्यासक त्याआधीचा मानतात. बाऊर यांनी मत्तयाला आद्य मानले. आज तो मान बहुधा मार्काला मिळतो. यहुदी धर्म संकुचित आणि ख्रिस्ती धर्म विश्वव्यापी, ही त्यांच्या मांडणीतील विभागणी तर केवळ चुकीची नव्हे, अन्यायकारकही होती. तिची छाया पुढील संशोधनावर दीर्घकाळ राहिली.

तरीही ग्रंथ कोणी, कोणासाठी, कोणत्या वादात लिहिला, हे विचारल्यावाचून आज नव्या कराराचा अभ्यास सुरूच होत नाही. पवित्र ग्रंथालाही इतिहास असतो, हे श्रद्धेच्याच विद्यापीठात बसून सांगितले गेले. आमच्या मते घराण्याचा खरा वारसा हाच; आणि तो बाऊर यांच्या स्वतःच्या निष्कर्षांनाही लागू करणे, हीच त्याची योग्य कदर.