घरपोच किराण्याचा हिशेब



मुलं झोपली की फोनवर दूध, कांदे, बटाटे मागवायचे आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या दारात. आपल्या घरांत हे आता अंगवळणी पडलं आहे. याची एक सुरुवात इंग्लंडमधल्या गेट्सहेडची. मे १९८४ मध्ये तिथल्या ७२ वर्षांच्या जेन स्नोबॉल आजींनी फोनलाइनला जोडलेल्या टीव्हीवरून, रिमोट दाबून, टेस्कोकडून मार्जरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. ज्येष्ठांना घरबसल्या सामान मिळावं, यासाठीचा तो प्रयोग होता.

पुढे १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात वेबव्हॅन आली. अर्ध्या तासाची ठरलेली वेळ, ताजा माल. ग्राहक खूश होते. पण प्रचंड स्वयंचलित गोदामांवर पैसा ओतला गेला आणि तेवढ्या ऑर्डरी आल्याच नाहीत. जुलै २००१ मध्ये कंपनी बुडाली. सुमारे २००० जणांच्या नोकऱ्या गेल्या. टेस्कोने मात्र आपल्याच दुकानांच्या फळ्यांवरून सामान भरलं, पोचवण्याचे पैसे घेतले आणि सेवा टिकवली.

आपल्या वाण्याचं गणितही तेच. यादी घ्यायची, दुकानातलाच माल बांधायचा, पोऱ्याला सायकलवर पाठवायचं. शिवाय कुणाकडे कोणता तांदूळ लागतो, हे त्याला पाठ.

चांगली सेवा म्हणजे हसतमुख बोलणं, वेळ पाळणं आणि जमाखर्चही जुळणं. ‘फुकट डिलिव्हरी’ दिसली, तर एवढं लक्षात ठेवू या: दारापर्यंतच्या त्या फेरीचे पैसे कुणीतरी मोजतंच.