आभाळ येतं, पाऊस येतोच असं नाही

म्हसवडला ढगांची टंचाई कधीच नव्हती. जूनपासून पश्चिमेकडून आभाळ भरून येतं, दिवसभर डोक्यावरून सरकत राहतं आणि सोलापूरच्या अंगाला निघून जातं. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. आमच्या माण तालुक्यात पाचशे झाला तरी लोक साल चांगलं म्हणतात. ढग आले ही इथे बातमीच नव्हे. कसले आले ते सांगा.

आमच्या आबांच्या तरुणपणी आठवड्याचा अंदाज बाजारात फुकट मिळायचा. साताऱ्याकडून माल घेऊन आलेला व्यापारी सांगायचा, कोरेगावपर्यंत रस्ता ओला, पुढे नुसता फुफाटा. मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर कुठल्या माळावर गवत फुटलंय ते सांगायचे. पंचांग बघणारे नक्षत्राचं वाहन सांगत. बेडूक, म्हैस, हत्ती निघालं की चेहरे खुलायचे. गाढव किंवा कोल्हा निघाला की देणेकरी गप्प व्हायचे. सूर्याचं एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे पंधरवड्याची सोय झाली. वाहनावर माझा काडीचा विश्वास नाही आणि आबांचाही फारसा नसावा, कारण ऐकून सगळं घ्यायचे, पण पाभर जुंपायची की नाही ते अंगणात उभं राहून ठरवायचे. मी विचारायचो, "आबा, येईल का?" ते म्हणायचे, "आधी ढगाचं बूड बघ, मग माथा."

पुढे शाळेत ढगाचा धडा आला तेव्हा या दोन गोष्टींचा उलगडा झाला. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. एका ठरावीक उंचीला तिच्यातली वाफ मिठाच्या, धुळीच्या बारीक कणांवर पाणी होऊन बसू लागते. तिथे ढगाचं बूड. हवा एकच असल्यामुळे आसपासच्या सगळ्या ढगांची बुडं एका पातळीत, आखल्यासारखी सपाट दिसतात. पण ढगातला हा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तसले दहा लाख एकत्र येतील तेव्हा पावसाचा एक थेंब होतो, आणि त्यांची टक्कर व्हायला ढग जाड लागतो. घाटात ते जमतं. घाट उतरताना हवा पुन्हा तापते, बरेचसे थेंब विरून जातात आणि आमच्या वाट्याला उरतो पातळ थर. त्यातून उजेड झिरपतो, म्हणून बूड पांढुरकं. जाड ढगाचं बूड काळं आणि माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगलेला. आबा उपकरणाशिवाय ढगाची जाडी मोजत होते!

माणदेशाचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. तोवर पश्चिमेचा वारा मंदावतो, जमीन तापते, दुपारनंतर ढग जागच्या जागी उंच वाढतात आणि गडगडाट करून मोकळे होतात. शाळू त्याच्यावर.

आबांची आजी तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगायची. राजेवाडीच्या तलावावर तिनं आईबरोबर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. सरकारी दप्तरात म्हसवड तलाव म्हणतात तो हाच. 1876-77च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून सुरू झालेला. पाऊस का आला नाही, असं विचारलं की म्हातारी म्हणे, साहेबालाच ठाऊक नव्हतं. ते खरंच होतं. हवामान खातं 1875 साली निघालेलं, त्याचा प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. दुष्काळाने हादरलेल्या सरकारने त्याला पावसाचा अंदाज आधी सांगायला लावलं. हिमालयातल्या बर्फावरून त्याने आडाखे बांधले आणि 4 जून 1886 रोजी देशाचा पहिला मोसमी अंदाज जाहीर झाला. म्हणजे आमचा तलाव आणि हा अंदाज, दोन्ही त्याच दुष्काळाच्या पोटचे. पुढे 1928 साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात.

1972 साली आबा स्वतः खडी फोडायला गेले. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी, एवढंच त्या वर्षाबद्दल बोलत. आभाळ मात्र त्याही वर्षी येत होतं, याचा त्यांना जास्त राग. लगेच 1973पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बारामतीच्या भागात विमानाने ढगांत मिठाची पूड फवारून बघितली. मीठ वाफ ओढून घेतं, थेंब मोठे होतात, असा हिशेब. अकरा पावसाळे हे प्रयोग चालले आणि पाऊस सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष संस्थेने मांडला. आमच्या चावडीवर मात्र विमानं ढग पळवतात असंच ठरलं होतं. खडी फोडून आलेल्या माणसाला टक्केवारी सांगायची कुणाची छाती होती?

आता दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसल्ल्याचं पत्रक. ते वाचायची रीत मात्र आपल्याकडे कुणी शिकवत नाही. "तुरळक ठिकाणी पाऊस" याचा अर्थ थोडा पाऊस नव्हे. जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भाग ठिकाणी पडेल, मग तिथे तो मुसळधारही असू शकतो. आणि महाबळेश्वर, म्हसवड दोन्ही सातारा जिल्ह्यातच. तेव्हा जूनमध्ये साताऱ्याला इशारा आहे म्हणून मोबाईलवर दिसलं, तर बियाणाची पिशवी फोडण्याआधी "घाट परिसर" हे शब्द शोधा. इशारा बहुतेक वेळा तिकडचाच असतो.