मशीद स्टेशन, लाल देऊळ आणि मागचा बाक

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झाले ते सर्वांना आठवत असेल. इस्रायल-गाझाच्या बातम्यांवरून सुरुवात झाली. कोणी ज्यूंना शिव्या घालणारे मेसेज पुढे ढकलले, कोणी मुसलमानांना. तिसऱ्या दिवशी आपला मागच्या बाकावरचा मुसलमान मित्र एक अक्षर न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडला. त्या ढकलाढकलीत दोन मेसेज माझेही होते. स्मरणिकेसाठी इतिहासावर लिही, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा वडगावची लढाई बाजूला ठेवून हा विषय घेतला, तो त्यामुळे.

ज्यू म्हणजे कोणीतरी लांबचे, असे आपण धरून चालतो. पण ज्या घरातले कोणीच कधी ससूनला दाखल झाले नाही, असे घर मावळात सापडणे कठीण. ते नाव ज्यांचे, ते डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या जाचामुळे घरदार सोडून ते मुंबईत आले. 1864 मध्ये पुण्यात वारले. त्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. हे 'देऊळ' म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह. पुणेकरांनी त्याला आपला शब्द दिला.

मुंबईत अशाच वास्तूला मशीद म्हणत. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनागृहाला ते स्वतःच मशीद म्हणत आणि मशीद स्टेशनाचे नाव त्यांच्या जुन्या मशिदीवरून पडले असे मानतात. नोकरीत असताना त्या स्टेशनावर मी कितीतरी वर्षे उतरलो. कोणाची मशीद, हे एकदाही विचारले नाही.

ती 1796 साली बांधली सॅम्युएल दिवेकर यांनी. ते इंग्रजांच्या पलटणीत होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. पुढची हकिकत बेने इस्रायली समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कैद्यांना त्यांची जात विचारली गेली. उत्तर आले, 'बेने इस्रायल'. तेव्हा टिपूची आई म्हणाली, या लोकांचे नाव कुराणात आहे, पण आजवर डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते. यांना मारू नका. आख्यायिका म्हणून घेतली तरी ती कोणी जपली हे पाहावे. एका मुसलमान बाईचे उपकार ज्यूंनी दोनशे वर्षे लक्षात ठेवले. माझगावात हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली ज्यू मुलांसाठी काढलेल्या शाळेत आज बहुतेक मुले मुसलमान आहेत.

आता आपल्या वर्गाकडे येतो. अफझलखानाचा धडा सुरू झाला की सगळा वर्ग मान वळवून मागच्या बाकाकडे बघायचा. एकदा ते सरांच्या लक्षात आले. त्यांनी फळ्यावर महाराजांच्या पदरच्या मुसलमानांची नावे लिहिली, नूर बेग, दौलतखान, काझी हैदर. आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, हेही लिहिले. सर आमचे चांगलेच होते, हेतूही चांगला. मला वाटले, विषय मिटला.

गेल्या महिन्यात मी त्या मित्राला फोन केला. आधी माझ्या मेसेजबद्दल माफी मागितली. मग धीर करून फळ्याची आठवण काढली. तो थोडा वेळ गप्प होता.

"त्या दिवशी तर जास्तच लाज वाटली रे," तो म्हणाला. "यादी लिहून होईपर्यंत तुम्ही सगळे परत माझ्याकडेच बघत होतात. मला ना अफझलखान व्हायचं होतं, ना नूर बेग. मला कबड्डीच्या टीममध्ये यायचं होतं."

इतकी वर्षे त्याच्या बाजूने सर बोलले, पुस्तके बोलली, मी मनातल्या मनात बोललो. त्याला विचारले कोणीच नव्हते. ईदला त्याने डब्यात आणलेला शीरखुर्मा आम्ही पोट दुखते म्हणून परत केला होता, तेही त्याला आठवत होते. मी म्हटले, मलाही आठवते.

तो मेळाव्याला येतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने आम्ही दोघे लाल देऊळ बघायला जाणार आहोत. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र लागते. कोणाला यायचे असेल तर नाव कळवा.