करवंदीची जाळी आणि बाजारपेठ

वसंत व्याख्यानमाला भरते ते दिवस करवंदांचे. ज्या गावाचे नावच बोरींवरून पडले असे मानतात, त्या बोरीवलीच्या इतिहासात रानमेव्याला चार ओळीही मिळू नयेत, याचे आम्हांस नवल वाटते. इतिहास काय फक्त कान्हेरीच्या लेण्यांनाच असतो?

करवंदीला लागवड लागत नाही. माळावर, डोंगरउतारावर तिची जाळी आपोआप माजते. उन्हाळ्याच्या तोंडी पांढरी सुवासिक फुले येतात, मग हिरवी आंबट फळे लोणच्याला उतरतात आणि वैशाखात तीच काळीभोर होतात. काटा दुहेरी आणि फळाच्या देठाशी चीक, तेव्हा तोडणी एकेक फळ पाहून हातानेच करावी लागते. वारली, महादेव कोळी बायका ऊन चढण्यापूर्वी रानात शिरत आणि ओरखडलेल्या हातांनी पाटी भरून आणीत. पिकले फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडते. म्हणून ते त्याच दिवशी विकले पाहिजे. पानाचा द्रोण हेच माप आणि हेच वेष्टन. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी हीच जाहिरात. गीर लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी, हा पोरांचा खेळ वर फुकट!

या विक्रीला मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले ते आगगाडीने. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल निघाली, तिच्या थांब्यांत बोरीवली होती. पण बाजार जवळ आला, तसे रान दूर गेले. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलाची चौकट पक्की केली. ठाणे-कुलाब्यातील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पुढे 1920 मध्ये उपनगर जिल्हा झाला, 1957 मध्ये बोरीवली बृहन्मुंबईत आली, आणि मागचे रान राष्ट्रीय उद्यान झाले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तेथून परवान्यावाचून काही नेण्यास बंदी आहे. बिबट्याचे रान टिकले ते अशा बंदीमुळेच, हे आम्ही नाकारीत नाही. पण वेचणारी मात्र आपल्याच डोंगरात चोर ठरली.

तिकडे अमेरिकेत क्रॅनबेरी नावाचे असेच आंबट रानफळ आहे. मूळ रहिवासी ते वेचून खात. 1816 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील हेन्री हॉल याने त्याची लागवड आरंभली. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात; म्हणून वाफ्यात पाणी सोडून वेली झोडपल्या की फळे तरंगतात आणि गोळा करता येतात. ती रसाला व चटणीला जातात. ताजी विकायची फळे कोरडीच तोडतात. चांगले फळ चेंडूसारखे उसळते, या गुणावर निवडीची यंत्रे बसविली गेली. 1930 मध्ये बागायतदारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. टिकविण्याची सोय आणि विक्रीची सूत्रे पिकविणाऱ्यांच्या हाती आली.

आमच्या करवंदावरही कारखान्यात प्रक्रिया होते. बी काढून, मिठाच्या पाण्यात मुरवून, लाल रंग देऊन ते पाकात घालतात आणि केकवर ‘चेरी’ म्हणून मिरवतात. म्हणजे फळाला बाजार मिळाला, पण नाव गेले. आणि वेचणारीच्या पदरी पाटीच राहिली.

2006 च्या वनहक्क कायद्याने, परंपरेने वेचल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. राष्ट्रीय उद्यानेही त्या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत. कायद्यातला हा हक्क पाड्यापर्यंत पोहोचविणे, किती वेचावे आणि पाखरांसाठी किती ठेवावे हे पाड्यांनी व वनखात्याने एकत्र बसून ठरविणे, आणि लोणच्या-सरबताचा उद्योग बायकांच्या स्वतःच्या मंडळीकडे देणे, ही कामे अवघड खरी, अशक्य नव्हेत. तोवर आपण निदान द्रोणाच्या भावाची घासाघीस तरी करू नये.