अमृताच्या ताटातील नरोटी

वसुबारसेच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालला होता. मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो, तोच आमचा नातू प्रबंधाचे कागद घेऊन पुढ्यात आला. म्हणाला, "आजोबा, या परिच्छेदातले निम्मे शब्द मी बदलले आहेत. आता हा माझाच झाला ना?"

त्याची काळजी खोटी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. प्रबंध दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांहून अधिक जुळला, तर तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. पण पोराचा प्रश्न टक्केवारीचा नव्हता. दुसऱ्याचे आपले केव्हा होते, हा तो प्रश्न. आणि तो मराठीत सातशे वर्षे जुना आहे!

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका पुरी केली. मूळ श्लोक ७००. ओव्या मात्र नऊ हजारांच्या घरात. दृष्टान्त येथल्या मातीतले, बोली येथल्या माणसांची. एवढे स्वतःचे घातल्यावर हा ग्रंथ 'माझा' म्हणायला त्यांना कोणी अडविले असते? तरीही ते सांगतात की, व्यास पुढे गेले, त्यांच्या पाऊलखुणा पाहत आपण चाललो आणि अडल्या ठिकाणी भाष्यकारांना विचारून घेतले. श्रेय सारे गुरू निवृत्तिनाथांचे. शेवटी तर लेखणी धरणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव येते. दुसऱ्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगावा कसा, याचा याहून थोर धडा मराठीत नाही.

पुढे सुमारे तीनशे वर्षे हा ग्रंथ हातांनी उतरला गेला. कोणी शब्द गाळला, कोणी सोपा केला, कोणी भक्तीच्या भरात पदरची ओवी घुसडली. मूळचे कोणते नि मागाहूनचे कोणते, हे कळेनासे झाले. तेव्हा पैठणचे एकनाथ पुढे आले. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, त्यांनी पाठ शुद्ध केला. हे काम करणारा मनुष्य सामान्य लेखनिक नव्हता, हे ध्यानात घ्यावे. भागवताच्या अकराव्या स्कंधावर अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका त्यांनी १५७३ मध्येच काशीत पुरी केली होती. चार ओव्या बेमालूम मिसळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. उलट बजावून ठेवले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी कवटी!

तिसरी गोष्ट देहूची. तुकोबांच्या गाथेत सालोमालो नावाच्या माणसावर अभंग आहेत. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' या बोलपटाने हा सालोमालो घरोघरी पोचविला. तुकोबांचे अभंग घ्यायचे आणि शेवटी स्वतःची मुद्रा ठोकायची, हा त्याचा उद्योग. आता तुकोबा तर स्वतःच म्हणत की, हे बोल माझे नव्हेत, पांडुरंग बोलवितो. मग एवढा राग का? मला वाटते, त्यांना मालकी गेल्याचे दुःख नव्हते. अनुभव एकाचा आणि मुखवटा दुसऱ्याचा, यात फसगत होते ती ऐकणाऱ्याची. आपण कोणावर विश्वास टाकतो आहोत, हेच त्या बिचाऱ्याला कळत नाही.

मी नातवाला म्हटले, "सालोमालोने नाव बदलले, तू शब्द बदललेस. फरक तो काय?" पोरगा वरमला. मग मी त्याला पुस्तक मिटायला लावले आणि म्हटले, "आता त्यात काय आहे, ते तुझ्या आजीला सांग. समजले असेल तेवढेच येईल. तेवढेच लिही, आणि कोणाकडून समजले ते खाली लिही. मूळचे शब्दच हवे असतील, तर अवतरणचिन्हांत ठेव."

तो चुलीपाशी जाऊन सांगू लागला. दोन वाक्यांत अडखळला, परत आला आणि पुस्तक पुन्हा उघडून वाचू लागला. तेथेच त्याचा खरा अभ्यास सुरू झाला.

असो. शेजारून फराळाचे ताट आले आहे. त्यातली करंजी आपल्या ताटात मांडून पाहुण्यांपुढे ठेवायला हरकत नाही. मात्र "ही शेजारच्या वहिनींच्या हातची" असे म्हणायला विसरू नये. त्याने करंजीची गोडी तसूभरही उणी होत नाही, आणि आपल्या चकलीवरही पाहुण्यांचा विश्वास बसतो.