डोळ्यातल्या भिंगाची कुळकथा

यवतमाळच्या खेड्यांत मोतीबिंदू काढलेला म्हातारा माणूस पूर्वी लांबूनच ओळखू यायचा. नाकावर जाड भिंगांचा, अधिक दहाच्या आसपासच्या नंबरचा चष्मा. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचं दिसत नसे आणि चष्मा फुटला की शेतावरची वाटही बंद. ते भिंग डोळ्याच्या आत गेलं, त्याचं मूळ एका युद्धात आहे.

ऑगस्ट 1940 मध्ये ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या हरिकेन विमानाचं पारदर्शक छत फुटून त्याचे तुकडे डोळ्यांत घुसले. ते पर्स्पेक्सचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे होते. हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी पाहिलं की असे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा लाल होत नाही, चिघळत नाही. शरीर ज्याला सोसतं, त्याचंच भिंग का करू नये? रेनर कंपनीचे जॉन पाइक यांनी ते घडवलं आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी ते पहिल्यांदा डोळ्यात बसवलं.

भिंग बसलं, पण नंबर साफ चुकला. आकार डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा घेतला होता. प्लास्टिक मात्र प्रकाश जास्त वाकवतं. शिवाय ते जड असल्याने जागचं सरकायचं. पुढची तीस वर्षं या दोन दोषांशी झुंजण्यात गेली. भिंग हलकं झालं, त्याला आधाराचे बारीक वक्र पाय फुटले. डोळ्याची लांबी ध्वनिलहरींनी मोजून नंबर काढण्याची सूत्रं आली. या मोजणीत 1 मिलिमीटरची चूक झाली तर सुमारे अडीच नंबरांचा फरक पडतो. भिंगही तितकंच अचूक हवं, म्हणून प्लास्टिकची चकती हिऱ्याच्या टोकाने लेथवर कातायची आणि काचेच्या मण्यांसोबत पिंपात तासन् तास फिरवून गुळगुळीत करायची.

तरी परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्याबाहेरच होतं. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने ते सुमारे 10 डॉलरमध्ये देऊ केलं, पुढे आणखी स्वस्त केलं. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता. जाड चष्म्याचे दिवस त्यानंतर सरले.

मोतीबिंदू ‘पिकू द्या’ हा सल्ला मात्र अजून गावोगाव ऐकू येतो. तो जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता वाट पाहिल्याने फायदा नाही. फार पिकला तर शस्त्रक्रियाच अवघड होते. सरकारी रुग्णालयात ती भिंगासह मोफत होते. घरातल्या म्हाताऱ्यांना धूसर दिसू लागलं असेल, तर त्यांना वेळेवर घेऊन जा.