सीमाभागातला पडदा

चिकोडीचे नाव निघाले की आपल्याला १९५६ची राज्य पुनर्रचना आणि सीमाप्रश्न आठवतो. मला मात्र तिथला सिनेमाचा पडदा आठवतो. कोल्हापूर जवळच. तिथे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. पुढे जत्रांतून तंबूतले सिनेमे आले. हजार फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटांचे. यंत्र एकच असले की रीळ बदलेपर्यंत अंधारात गप्पा! पडदाही एकच, त्यामुळे मराठी आणि कानडी माणूस शेजारी बसून पाहायचा.

१९८२ साली देशात रंगीत दूरदर्शन सुरू झाले, आणि हळूहळू मंडळी शेजाऱ्याच्या घरी जमू लागली. २००५ साली यूट्यूब निघाले. आज स्वयंपाक, बागकाम, पेटीवादन, जो तो आपल्या छंदाचे व्हिडिओ मोबाईलवर पाहतो. हौशी माणूस तेच घरच्या मोठ्या पडद्यावर, भोवती स्पीकर लावून. चित्र सुरेख, आवाजही सुरेख. पण भाषा ज्याची त्याने निवडलेली. शेजाऱ्याची भाषा सहज कानावर पडायची, ते मात्र कमी झाले. भाषावाद जवळून पाहिलेल्या आपल्या गोमंतकीयांना हे नुकसान लहान वाटू नये.